विजेच्या दुचाकीसाठी टायर निवडताना

विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या मागच्या टायरचा गोटा झाला, की दुकानात पहिला प्रश्न मापाचा विचारला जातो आणि बहुतेक वेळा निवड तिथेच संपते. पेट्रोलच्या स्कूटरला हे एक वेळ चालून जाते, कारण एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते आणि टायरमुळे त्यातली थोडी अधिक खर्ची पडली तरी चालकाच्या ते लक्षातही येत नाही. विजेच्या मध्यम स्कूटरची बॅटरी मात्र साधारण ३ युनिटांची, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश लिटर पेट्रोलइतक्या ऊर्जेची असते. एवढ्याशा शिदोरीवर ८० ते १०० किलोमीटर अंतर काटायचे असल्याने टायरमधली प्रत्येक उधळपट्टी रेंजच्या आकड्यात तत्काळ उमटते.

टायरच्या बाजूवर ‘९०/९०-१२’ असे लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्केवारीत सांगितलेली टायरची उंची आणि तिसरा रिमचा इंचांमधला व्यास दाखवतो. ‘जरा जाड टायर टाका, पकड चांगली मिळेल’ या सल्ल्यावरून तिथे १००/९०-१२ बसवला, तर चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ४६७ मिलिमीटरवरून ४८५ मिलिमीटरवर जातो. ही वाढ जवळपास ४ टक्के असून गाडी चाकाचे फेरे मोजून वेग व अंतर ठरवत असल्यामुळे पडद्यावर ५० दिसत असताना प्रत्यक्ष वेग ५२ च्या आसपास असतो. शिवाय मडगार्डला टायर घासण्याची शक्यता उरते ती वेगळीच. रुंदी वाढवून १००/८०-१२ घेतल्यास व्यास जवळजवळ तोच राहतो, परंतु रिमची रुंदी त्याला पुरेशी आहे का, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेवरूनच ठरवावे लागते.

मापानंतर येणाऱ्या ‘५४ जे’ यांसारख्या खुणेकडे क्वचितच कोणी पाहतो, वास्तविक तीच अधिक महत्त्वाची असते. त्यातला आकडा भारांक होय: ५१ म्हणजे १९५ किलो, ५४ म्हणजे २१२ किलो आणि ६२ म्हणजे २६५ किलो भार एका टायरने पेलावा, असा त्याचा अर्थ होतो, पुढचे अक्षर कमाल वेग सांगते, त्यात ‘जे’ ताशी १०० किलोमीटरसाठी आणि ‘एल’ १२० किलोमीटरसाठी वापरतात. बॅटरीसह सव्वाशे किलोच्या आसपास जाणारी स्कूटर, तिच्यावर दोन माणसे आणि भाजीच्या पिशव्या, असा हिशेब मांडला तर एकट्या मागच्या चाकावर दीडशे किलोंहून अधिक भार येतो आणि खड्ड्याचा दणका त्यात धरलेला नसतो. घरोघर सामान पोहोचवणाऱ्यांनी म्हणूनच मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

यानंतरचा प्रश्न खरा पेचाचा आहे. फिरताना टायरचे रबर जमिनीपाशी दबते व पुन्हा पूर्ववत होते, त्या क्रियेत काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि या अडथळ्याला लोटण-रोध म्हणता येईल. तो कमी केला की रेंज वाढते, पण नुसते कडक रबर वापरून कमी केला तर ओल्या रस्त्यावरची पकड सैल होते. रबरातल्या काजळीच्या काही भागाऐवजी सिलिका मिसळल्यास दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी साधतात. मिशेलिनने १९९२ साली मोटारींच्या टायरमध्ये हा मार्ग रुळवला. तरीही पकड, टिकाऊपणा आणि कमी रोध ही तिन्ही एकाच टायरमध्ये पूर्णत्वाने मिळत नाहीत. चार महिने पावसात, पेव्हर ब्लॉक आणि रंगवलेल्या पट्ट्यांवरून गाडी चालवणाऱ्याने रेंजमधले चार-दोन किलोमीटर सोडून ओल्यातली पकड घ्यावी, हेच शहाणपणाचे ठरते.

त्याला आणखी एक कारण आहे. विजेची मोटर शून्य वेगापासूनच भरपूर पीळ देते आणि मूठ सोडताच अनेक गाड्यांत तीच मोटर जनित्र बनून गाडीचा वेग कमी करते व बॅटरीत थोडी वीज परत भरते. पळवणे आणि रोखणे ही दोन्ही कामे अशा रीतीने मागच्या टायरकडे येत असल्याने तो पुढच्याच्या आधी झिजतो, आणि निसरड्या वळणावर एकाएकी मूठ सोडली तर घसरतोही तोच.

टायर बदलताना मोटर कुठे आहे, हेही पाहिले पाहिजे. टीव्हीएस आयक्यूबप्रमाणे ती मागच्या चाकातच बसवलेली असेल, तर चाक काढताना तिच्या तारांना झटका बसू न देणारा कारागीर हवा. एथरप्रमाणे पट्ट्याने चाक फिरत असेल, तर पट्ट्याचा ताण पुन्हा जुळवावा लागतो. टायरवर आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करावी आणि निर्मितीचे चार आकडे वाचावेत: ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. फिरण्याची दिशा दाखवणारा बाणही बसवण्यापूर्वीच तपासावा.

नवा टायर घातल्यावर रेंज थोडी घटल्याची तक्रार अनेकदा ऐकू येते आणि ती खोटी नसते, कारण नव्या टायरच्या नक्षीत रबर जाड असल्याने दबण्यात अधिक ऊर्जा जाते. टायर झिजत जातो तसा हा रोध उतरतो. हवा कमी असेल तर मात्र तो विनाकारण वाढलेलाच राहतो, म्हणून दाब दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, गाडीवरच्या पट्टीतल्या आकड्याशी ताडून पाहावा.