पट्टा, पारा आणि मोठं आतडं

गेल्या लेखांकात रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा कर्करोग यांचं नातं पाहिलं. ते बरंच पक्कं आहे. मोठ्या आतड्याबद्दल तितक्या ठामपणे बोलता येत नाही. ‘बीपी असलेल्यांना आतड्याच्या कर्करोगाचा धोका’ असा मथळा दिसला, तर त्यातला ‘असलेल्यांना’ हा शब्द आधी नीट वाचावा. ‘बीपीमुळे’ असं तिथे म्हटलेलं नसतं. नॉर्वे, स्वीडन आणि ऑस्ट्रियातल्या सुमारे पावणेसहा लाख लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. रक्तदाब जसजसा चढा, तसतसं पुरुषांमध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसलं. बायकांमध्ये तसं दिसलं नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. रक्तवाहिन्यांवरचा दाब हेच कारण असेल, तर तो बाई-पुरुष बघून थोडाच काम करणार? बायकांना संप्रेरकांचा आडोसा मिळत असेल, हे मान्य. पण सुटलेलं पोट, दारू, सिगारेट ही मंडळी बीपीही चढवतात आणि आतड्यालाही बाधतात, आणि पुरुषांच्या वाट्याला ती जास्त येतात. संशोधक वजन आणि धूम्रपान हिशेबातून वजा करतात खरे; पण वजनकाट्यावर पोटाची चरबी आणि मांडीची चरबी सारखीच भरते, आतड्याला मात्र पोटाचीच जास्त भोवते. म्हणून दंडावरच्या पट्ट्याने दाखवलेला आकडा मी आरोपी धरत नाही, साक्षीदार धरतो.

यावर कुणी म्हणेल, मग गोळ्यांनी बीपी उतरवून बघा, धोका उतरतो का ते. तेही झालंय, आणि तिथेच गंमत आहे. कोलोनोस्कोपीत आतडं स्वच्छ निघालेल्या हाँगकाँगच्या रुग्णांवरचा अभ्यास 2020 मध्ये आला. एसीई इनहिबिटर किंवा एआरबी गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांना पुढच्या तीन वर्षांत हा कर्करोग साधारण 22 टक्क्यांनी कमी झाला. त्यानंतर तो फायदा दिसेनासा झाला. आतड्यातल्या गाठीचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, तेव्हा तीन वर्षांचा हा फायदा जरा जपूनच घ्यावा. पुढे 2022 मध्ये जनुकांवरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आला : एसीई इनहिबिटर गोळ्या ज्याला रोखतात ते एसीई विकर जन्मतःच ज्यांचं मंद, त्यांच्यात आतड्याचा कर्करोग किंचित जास्त. दोन्ही अभ्यास जसेच्या तसे खरे धरता येत नाहीत, आणि दोन्हींपैकी कशाच्याही भरवशावर बीपीची गोळी सुरू किंवा बंद करणं शहाणपणाचं नाही. पक्षाघाताचा धोका त्यापेक्षा फार मोठा आणि केव्हाच सिद्ध झालेला आहे.

बीपीच्या रुग्णाची खरी फसगत होते ती दुसरीकडे. त्याला बऱ्याचदा रक्त पातळ करणारी गोळीही चालू असते. मग शौचातून रक्त दिसलं, की दोष त्या गोळीला, नाहीतर मूळव्याधीला दिला जातो आणि तपासणी सहा महिने पुढे ढकलली जाते.