मत नाही, पण शब्दाला वजन!

मेट्रोने पिंपरीहून शिवाजीनगरला जाताना दापोडीजवळ सीएमईचा, म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगचा हिरवागार परिसर लागतो. आर्मी म्हटलं की आपल्याला जवान आठवतात, इंजिनिअर आठवतात, फार तर डॉक्टर. पण वकील? तेही युनिफॉर्ममधले? असतात! त्यांच्या शाखेचं नाव जज अ‍ॅडव्होकेट जनरल, थोडक्यात 'जॅग'.

तुमच्या घरचं कुणी चाकणच्या कंपनीत असेल, तर 'चार्जशीट', 'डोमेस्टिक इन्क्वायरी' हे शब्द कानावर पडले असतील. तिथे फार तर नोकरी जाते आणि युनियन असेल तर ती पाठीशी उभी राहते. जवानाला युनियन करता येत नाही. शिवाय १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टनुसार जनरल कोर्ट मार्शल तुरुंगवासच काय, काही गुन्ह्यांत फाशीही देऊ शकतं. निकाल देतात किमान पाच लष्करी अधिकारी. त्यांनी कायद्याची डिग्री घेतलेली असेलच असं नाही. म्हणून या कोर्टात जज अ‍ॅडव्होकेट हजर असावाच लागतो.

तो करतो काय? दोषी की निर्दोष, यावर त्याला मत देता येत नाही. पण कायदा काय सांगतो, हे कोर्टाला तोच समजावतो. फिर्यादी पक्ष आणि आरोपी, दोघांनाही त्याचा सल्ला मागता येतो. आरोपीला कायदा कळत नाही किंवा साक्षीदाराला उलटे प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून त्याचं नुकसान होऊ नये, हे बघणंही नियमाने त्याचंच काम. आणि हे सगळं कुणाचीही बाजू न घेता! याशिवाय कमांडरला कायदेशीर सल्ला देणं, लष्कराच्या कोर्टातल्या केसेस सांभाळणं, ही रोजची कामंही जॅगकडेच असतात.

मुलींनो, ही बातमी तुमच्यासाठी. जॅगच्या एका भरतीत सहा जागा मुलांना आणि तीनच मुलींना होत्या. काही निवडलेल्या मुलांपेक्षा जास्त मार्क असूनही अर्शनूर कौर यांची निवड झाली नाही. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. ११ ऑगस्ट २०२५ रोजी कोर्टाने ही वाटणी रद्द केली आणि मुला-मुलींची एकच मेरिट लिस्ट लावायला सांगितलं.

जायचंय? एलएलबीला किमान ५५ टक्के, वय २१ ते २७, क्लॅट पीजीचा स्कोअर, मग एसएसबीचा पाच दिवसांचा इंटरव्ह्यू आणि मेडिकल. त्यानंतर चेन्नईला ४९ आठवड्यांचं ट्रेनिंग. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा.

आणि स्वतःला एकदा विचारा : समोर पाच अधिकारी बसलेत, सगळ्यांना निकाल लवकर हवाय. अशा वेळी 'सर, हा पुरावा कायद्यात बसत नाही,' असं शांतपणे सांगता येईल?