पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगातील अँड्रोजेन ग्राही

अँड्रोजेन ग्राही हे पुरुष-संप्रेरकांना ओळखून त्यांच्याशी जोडले जाणारे प्रथिन आहे. पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेट) कर्करोगाची वाढ बहुतांशी या ग्राहीच्या कार्यावर अवलंबून असते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. अनेक संप्रेरकांचे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर असतात. हा ग्राही मात्र पेशीच्या आत असतो.

कार्यपद्धती

टेस्टोस्टेरोन हे संप्रेरक प्रामुख्याने वृषणांत तयार होते. पुरःस्थ ग्रंथीच्या पेशींत ५-अल्फा रिडक्टेज हे विकर त्याचे अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरोनमध्ये रूपांतर करते. संप्रेरक जोडले गेल्यावर ग्राही पेशीकेंद्रकात जातो आणि डीएनएच्या ठरावीक भागांना चिकटून पेशीची वाढ व विभाजन घडवणारी जनुके कार्यान्वित करतो. पीएसए या प्रथिनाचे जनुकही त्याच्याच नियंत्रणाखाली असते. म्हणून रक्तातील पीएसएच्या पातळीवरून उपचारांच्या परिणामाचा अंदाज घेता येतो. मात्र ग्रंथीची साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग यांमुळेही पीएसए वाढू शकते.

उपचार

वृषणे काढल्यास किंवा इस्ट्रोजेन दिल्यास पसरलेला कर्करोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवले. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज टेस्टोस्टेरोनची निर्मिती इंजेक्शनांनीही थांबवता येते. शस्त्रक्रिया एकदाच करावी लागते, तर इंजेक्शने ठरावीक अंतराने घ्यावी लागतात. त्यामुळे निवड करताना खर्चाचाही विचार होतो. दोन्ही उपचारांत हाडे ठिसूळ होणे, अंगात उष्णतेच्या लाटा येणे आणि स्नायू क्षीण होणे हे दुष्परिणाम संभवतात.

उपचारांना प्रतिकार

काही काळाने टेस्टोस्टेरोन अत्यल्प असूनही गाठ पुन्हा वाढू लागते. बहुतेकदा ग्राहीचे कार्य तेव्हाही सुरूच असते. ग्राहीची संख्या वाढणे, त्याच्या रचनेत उत्परिवर्तन होणे, संप्रेरकाविना कार्य करणारी त्याची अपूर्ण रूपे निर्माण होणे किंवा गाठीतच संप्रेरक तयार होणे ही त्याची कारणे आहेत. ॲबिरॅटेरोन हे औषध संप्रेरकांची निर्मिती रोखते, तर एन्झालुटामाइड थेट ग्राहीला अडवते.

महाराष्ट्रातील संशोधन

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार हा भाग पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाने मुंबईशी जोडलेला आहे. मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील पॉप-आरटी चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत अधिक जोखमीच्या २२४ रुग्णांना किमान दोन वर्षे संप्रेरकरोधक उपचार देण्यात आले. एका गटाला केवळ पुरःस्थ ग्रंथीवर, तर दुसऱ्या गटाला संपूर्ण श्रोणिभागावर किरणोपचार दिले गेले. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न वाढलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ८१ टक्के, तर दुसऱ्या गटात ९५ टक्के होते. एकूण जीवितकाळात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.