न सांगितलेलं कधी ठरतं?

पायथन शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘फंक्शनला दर वेळी कोरी यादी मिळावी म्हणून डिफॉल्ट दिलं, तर तिच्यात आधीची नावं कुठून येतात?’

टपरीवर ‘एक चहा’ म्हटलं की साखर घातलेलाच येतो. बिनसाखरेचा हवा तर सांगावं लागतं. डिफॉल्ट पॅरामीटर ही तशीच सोय. चार अक्षरं कमी लिहावी लागतात हा तिचा किरकोळ फायदा. खरा फायदा असा, की जुन्या मेथडला नवा पॅरामीटर जोडून त्याला डिफॉल्ट दिलं, की तिला बोलावणाऱ्या जुन्या ओळींना सहसा हात लावावा लागत नाही. (ब्यार्ने स्ट्रोस्ट्रुप यांनी तर सी प्लस प्लस हे नाव पडण्याआधीच आपल्या भाषेत ही सोय आणली होती!)

आता वाचकाची यादी. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, म्हणून समजा फंक्शन आहे नोंदव(नाव, यादी=[]). ते नाव यादीत घालतं आणि यादी परत देतं. नोंदव("आशा") म्हटलं की ["आशा"] मिळतं. मग नोंदव("बाळू") म्हटलं की ["आशा", "बाळू"]! कारण पायथन ती रिकामी यादी फंक्शनची व्याख्या वाचतानाच, एकदाच बनवतो आणि पुढे तीच वापरत राहतो. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली डिफॉल्ट आले, ते मात्र गरज पडेल तेव्हा दर वेळी नव्याने काढले जातात.

सी शार्पची तऱ्हा तिसरीच. २०१० च्या चौथ्या आवृत्तीत ही सोय आली. तिथे डिफॉल्टचा आकडा कंपाइल होताना बोलावणाऱ्याच्या कोडमध्ये छापला जातो. लायब्ररीत व्याजदर=७ चा ८ केला आणि फक्त लायब्ररीची फाइल बदलली, तर जुना प्रोग्रॅम निमूटपणे सातनेच हिशेब करत राहतो. चूक दाखवणारा संदेशही येत नाही.

जावाने ही भानगडच ठेवलेली नाही. तिथे एकाच नावाच्या दोन-तीन मेथड लिहितात. ते कंटाळवाणं असलं, तरी आकडा मेथडच्या मालकाकडेच राहतो, हे मला पटतं.

पायथनवाल्यांनी डिफॉल्ट ‘नन’ ठेवावं आणि यादी फंक्शनच्या आत बनवावी. एक ओळ वाढते, पण प्रत्येकाला आपापली यादी मिळते.