घरचा सेन्सर बाहेरून का सापडत नव्हता? आयपीव्ही६ची गरज

गेल्या वर्षी घरी रास्पबेरी पायवर एक छोटा सेन्सर बसवला. डेटा लॅबमधून बघायचा होता. पोर्ट फॉरवर्डिंग करण्यात दोन रात्री घालवल्या, पण बाहेरून कनेक्शन लागेचना. शेवटी राउटरचं स्टेटस पान उघडलं. वॅन ॲड्रेस १००.७२ने सुरू होत होता. तेव्हा ट्यूब पेटली!

१००.६४ ते १००.१२७ ही रेंज २०१२ साली प्रोव्हायडरांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवली गेली. तिथे कॅरियर ग्रेड नॅट चालतं, म्हणजे एकच पब्लिक आयपीव्ही४ ॲड्रेस अनेक घरांत वाटला जातो. सोसायटीचा पत्ता एकच आणि फ्लॅट नंबर फक्त वॉचमनला ठाऊक, तसं. आतून गेलेल्या पत्राचं उत्तर बरोबर येतं. पण बाहेरून नवा पाहुणा आला, तर त्याला कुठे पाठवायचं हे वॉचमनला कळत नाही.

ही वेळ का आली? आयपीव्ही४ ३२ बिटांचं, म्हणजे सुमारे ४२९ कोटी ॲड्रेस. जागतिक साठ्यातले शेवटचे ब्लॉक ३ फेब्रुवारी २०११ला वाटून संपले. १२८ बिटांच्या आयपीव्ही६चं स्पेसिफिकेशन मात्र डिसेंबर १९९८मध्येच आलं होतं.

मग प्रोव्हायडर थांबतात कशाला? दोन्ही प्रोटोकॉल थेट एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे बरीच वर्षं दोन्ही चालवावे लागतात. शिवाय ग्राहक मागत नाही. पण नॅटही फुकट नाही: प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवा, लॉग सांभाळा. जितका ट्रॅफिक आयपीव्ही६वर जाईल, तितका हा भार कमी. जिओने २०१६मध्ये ४जी सेवा आयपीव्ही६सकट सुरू केली, म्हणजे मोठ्या प्रमाणावर हे जमतं.

आता आपल्या कामाचं. ‘एक आयपी म्हणजे एक युजर’ हे गृहीतक नॅटमागे कोसळतं. एकाने स्पॅम केलं आणि तो ॲड्रेस ब्लॉक झाला, की शेजारीही अडकतात. आयपीव्ही६मध्येही डोळे मिटून मोजू नका. प्रायव्हसीसाठी एकच लॅपटॉप ॲड्रेस बदलत राहतो. तिथे /६४ प्रीफिक्स पाहणं जास्त बरं.

आणि हो, आयपीव्ही६ मिळालं की सेन्सर आपोआप उघडा पडत नाही. राउटरचा फायरवॉल सहसा बाहेरचं कनेक्शन अडवतोच. हवं तेवढंच उघडायचं. पण निदान ते ठरवणं आपल्या हातात असतं.

आज घरी राउटरचा वॅन ॲड्रेस बघा. १००.६४ ते १००.१२७मधला निघाला, तर प्रोव्हायडरला आयपीव्ही६बद्दल नक्की विचारा.