मिशनकार्य, मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील
ख्रिस्ती सुवार्ता व सेवा इतरांपर्यंत पोहोचविण्याचे, मंडळीच्या नित्य जीवनाशी निगडित असलेले कार्य. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईस आले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील केंद्र १८३१ मध्ये सुरू झाले. शाळा आणि ज्ञानोदय (१८४२) हे नियतकालिक यांमुळे कार्य विस्तारले. तथापि निधी व निर्णय प्रामुख्याने परदेशी मिशनऱ्यांच्या हाती राहिले. त्यामुळे प्रचार हे पगारी सेवकांचेच काम, असा समज बळावण्याचा धोका होता.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ह्या परावलंबनास विरोध केला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांद्वारे उपासनेस मराठी वळण दिले. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान होते. टिळकांच्या निधनानंतर तो फार टिकला नाही. त्यांची गीते मात्र उपासनेत आजही गायिली जातात.

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) मुक्ती सदनात प्रार्थना, अध्ययन, शेती, विणकाम व छपाई ही एकाच दिनक्रमाची अंगे होती. उपासना आणि सेवा यांत तेथे भेद नव्हता.

अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात समाविष्ट झाल्या. अशा रीतीने कार्याची जबाबदारी स्थानिक मंडळ्यांकडे आली.