गोल्फमधील उतरता झोका : चुकीचे फटके आणि त्यांवरील उपदेशाची भाषा

गोल्फच्या फटक्यात क्लब मागे व वर नेण्यास साधारणतः पाऊण सेकंद लागतो. तो खाली येऊन चेंडूवर आदळण्यास मात्र जेमतेम पाव सेकंद पुरतो. प्रत्यक्ष आघात तर सेकंदाच्या एका सहस्रांशाच्या निम्म्याइतकाच काळ टिकतो. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीस हाताने उत्तर देण्यासच माणसाला सुमारे एक-पंचमांश सेकंद लागतो. तेव्हा क्लब खाली येऊ लागल्यावर चूक ध्यानात येऊन ती वाटेतच सुधारली जाईल, ही आशा व्यर्थ होय. जे काही सांगावयाचे ते आधीच सांगितले पाहिजे, आणि तेही खेळाडूला मनात धरून ठेवता येईल अशा एखाद्या लहान वाक्यात. म्हणूनच गोल्फचे शिक्षण हे बव्हंशी आज्ञार्थी वाक्यांचे शिक्षण झालेले आहे. ही वाक्ये शरीराच्या वास्तविक व्यापाराशी पुष्कळदा जुळत नाहीत, आणि नवशिक्याचे वर्षानुवर्षांचे श्रम वाया जातात ते प्रायः याच ठिकाणी.

क्लब वर नेण्याच्या क्रियेस येथे ‘चढता झोका’ व खाली आणण्याच्या क्रियेस ‘उतरता झोका’ असे म्हटले आहे. ‘अधोगती’ हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष असला, तरी मराठीत त्याला चिकटलेला अर्थ पाहता तो टाळलेला बरा. अर्थात पुष्कळ खेळाडूंच्या अनुभवाशी तो अगदीच विसंगत ठरला नसता. सर्व विवेचन उजव्या हाताने खेळणाऱ्यास धरून केले आहे.

अॅलिस्टर कॉक्रन व जॉन स्टॉब्ज यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या झोक्याची उपपत्ती दुहेरी लंबकाच्या साहाय्याने मांडली आहे. खांद्यांच्या मध्याभोवती फिरणारे बाहू हा पहिला लंबक आणि मनगटापासून लोंबणारा क्लब हा दुसरा. आरंभी मनगटे दुमडलेलीच राहतात. बाहूंना गती येते, आणि मग तीच गती क्लबला बाहेर फेकून मनगटे उलगडवते. क्लब बाहेर पडताना बाहूंचा वेग मंदावतो व त्यांतील शक्ती क्लबच्या टोकाकडे जाते. या यंत्रणेस चालना मिळते ती कटी व धड यांच्या मोठ्या स्नायूंकडून. कुशल खेळाडूंच्या चित्रणांत प्रथम कटी, मग छाती, मग बाहू व शेवटी क्लब अशा क्रमाने एकेकाचा वेग कमाल मर्यादेस पोचताना दिसतो. हा क्रम बिघडला की फटका बिघडतो. कसा बिघडेल हे मात्र बिघाडाच्या जागेवर अवलंबून असते.

दोन चुका वरवर परस्परविरुद्ध दिसतात. एकीत क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत रुततो, त्यास ‘फॅट’ म्हणतात. दुसरीत क्लबची कड चेंडूच्या माथ्याला लागून चेंडू जमिनीलगत सरपटतो, तो ‘टॉप’. वस्तुतः पुष्कळ प्रसंगी दोहोंचे मूळ एकच असते. झोक्याच्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू स्थूलमानाने डाव्या खांद्याच्या खाली येतो. जमिनीवरील चेंडू आयर्नने मारताना तो चेंडूच्या पुढे काही सेंटिमीटर पडावयास हवा. शरीराचा भार उजव्या पायावरच राहिला, किंवा मनगटे वेळेपूर्वी उलगडली, तर तो बिंदू चेंडूच्या मागे सरकतो. मग क्लब एक तर तेथेच जमिनीला लागतो, नाही तर तेथून वर उठत असताना चेंडूच्या माथ्याला घासून जातो. एकाच सदोष झोक्यातून हे दोन्ही फटके पाठोपाठ निघतात, याचे कारण हेच.

अशा वेळी ‘डोके खाली ठेवा’ हा उपदेश हमखास ऐकू येतो. टॉप झालेल्या फटक्यानंतर डोके वर आलेले दिसते, एवढाच या उपदेशाचा आधार. डोके वर येणे हे बहुधा लक्षण असते, कारण नव्हे. खेळाडू मात्र हनुवटी छातीशी घट्ट दाबून धरतो. धडाला वळण्यास वाव राहत नाही, भार डावीकडे जात नाही, आणि खालचा बिंदू आणखीच मागे राहतो. औषधानेच रोग बळावतो.

‘स्लाइस’ म्हणजे उजवीकडे वळत जाणाऱ्या फटक्याची कथा याहून विलक्षण आहे. उतरत्या झोक्याचा आरंभ उजव्या खांद्याने केला, तर क्लब लक्ष्यरेषेच्या बाहेर फेकला जाऊन बाहेरून आत, म्हणजे डावीकडे, कापत येतो. त्या मार्गाच्या मानाने क्लबचे तोंड उजवीकडे उघडे राहिले की चेंडूला उजवीकडे वळविणारी फिरकी मिळते. चेंडू क्लबच्या मार्गाने निघतो व तोंडाच्या दिशेकडे वळतो, असे दीर्घकाळ शिकविले गेले. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे : चेंडूची प्रारंभीची दिशा मुख्यतः तोंडावरून ठरते, आणि वळण हे तोंड व मार्ग यांतील अंतरावरून. कॉक्रन व स्टॉब्ज यांच्या ग्रंथात हे होतेच. पुढे रडारच्या मापनांनी ते निःसंशय ठरले. चेंडू उजवीकडे जातो म्हणून खेळाडू डावीकडे रोख धरून उभा राहतो, त्यामुळे क्लबचा मार्ग अधिकच डावीकडे जातो, तोंड मात्र लक्ष्याकडेच राहते; अंतर वाढते आणि वळणही वाढते.

बेन होगन यांच्या १९५७ च्या प्रसिद्ध पुस्तकात उतरत्या झोक्याचा आरंभ कटी डावीकडे वळवून करावा, असे प्रतिपादन आहे, आणि ते क्रमाच्या वरील विवेचनाशी जुळते. तथापि होगन यांना स्वतःला आरंभीच्या काळात ‘हुक’चा, म्हणजे डावीकडे वळणाऱ्या फटक्याचा, त्रास होता. क्लबचे तोंड लवकर मिटू नये यासाठी त्यांनी केलेली पकडीची योजना स्लाइसने पीडलेल्या वाचकाने जशीच्या तशी उचलली, तर त्याचे तोंड अधिकच उघडे पडते. वाक्य तेच, पण ज्याच्या शरीरातून ते निघाले त्याचा दोष निराळा होता. अर्थ हा संदर्भसापेक्ष असतो, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको. क्रीडांगणावर मात्र त्याचा विसर सहज पडतो.

आज्ञेचे कर्म कोणते, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पहिल्या महायुद्धात उजवा पाय गमावलेले अर्नेस्ट जोन्स हे एका पायावर पुन्हा चांगले गोल्फ खेळू लागले. शरीराच्या अवयवांचा विचार सोडून क्लबच्या टोकाला झोका द्यावा, हीच त्यांची शिकवण. रुमालाला चाकू बांधून ते ती प्रात्यक्षिकाने पटवीत. पुढे १९९९ मध्ये गॅब्रिएले वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांच्या छोट्या फटक्यांवर प्रयोग केला. बाहूंकडे लक्ष देण्यास सांगितलेल्या गटापेक्षा क्लबच्या गतीकडे लक्ष देण्यास सांगितलेल्या गटाची अचूकता अधिक भरली. मराठीतही ‘चेंडू मारणे’ आणि ‘क्लबला झोका देणे’ यांत हाच भेद आहे. ‘मारणे’ म्हटले की हात व उजवा खांदा आधीच पुढे सरसावतात.

म्हणून उपाय असे हवेत की ज्यांत आज्ञेचे कर्म शरीराबाहेर राहील. वाळूत एक रेषा ओढून, चेंडू न ठेवता, क्लबचा ठसा रेषेच्या लक्ष्याकडील बाजूस उमटेल असे झोके घ्यावेत. ठसा मागे उमटू लागला की भार वा मनगटे कुठे चुकत आहेत हे निराळे सांगावे लागत नाही. स्लाइस होत असेल तर चेंडूच्या वीतभर मागे, लक्ष्यरेषेच्या पलीकडे, एखादे रिकामे खोके ठेवून ते चुकवीत क्लब आणावा; बाहेरून येणारा मार्ग खोके आपोआप अडवते. क्रम बसविण्यासाठी पाय जुळवून उभे राहावे आणि क्लब माथ्यावर पोचण्याच्या किंचित आधी डावे पाऊल लक्ष्याकडे टाकावे. वरचे शरीर अजून मागे जात असतानाच खालचे पुढे निघते, आणि कटीविषयी एक शब्दही उच्चारावा लागत नाही. हे सर्व प्रथम अर्ध्या वेगाने करावे. ड्रायव्हरच्या बाबतीत मात्र वाळूतील रेषेचा प्रयोग लागू करू नये. तेथे चेंडू टीवर उंच, डाव्या टाचेच्या समोर असतो, आणि खालचा बिंदू ओलांडून क्लब किंचित वर उठू लागल्यावरच तो टिपावयाचा असतो.